तू गेलीस आणि शटर खाली आलं

राजव्वा,

तुझा दहावा व्हायच्या आत त्यांनी शटर पार जमिनीला टेकवलं. मी आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलो होतो. भेटायला आलेली माणसं नुकती उठून गेली होती, चहाचे कप तसेच पडले होते. आणि मागच्या शिवणाच्या शेडमधून तो आवाज आला. आधी घरघर, मग खट्, मग कुलूप कडीवर आपटल्याचा. मला वाटलं आता तू उठशील. चप्पल न घालता बोळात जाशील आणि माने सुपरवायझरच्या सात पिढ्या तेलुगूत उद्धरशील. मी तुझ्या जागेकडं बघितलंसुद्धा. तिथं तुझा फोटो होता आणि फोटोपुढं दिवा.

तेव्हापासून मी नाकानं जगतोय. सकाळी पाळी सुरू झाली की शेडच्या बाजूच्या भिंतीला लागून बसतो आणि वास घेतो. कोणी चूल पेटवली, कोणी कचरा जाळला, कोणाची फोडणी करपली, माझं काळीज लक्कन हलतं. परवा शेजारणीनं मिरच्या भाजल्या तर मी अनवाणी शटरपर्यंत पळालो. आतून मशिनींचा आवाज येत होता. म्हणजे आतल्या बाया जिवंत होत्या. परत आलो आणि पाणी प्यायलो.

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला नीट लिहिता येत नाही, म्हणजे आपली फिट्टंफाट आहे. लोक म्हणाले, बाईबद्दल चार शब्द लिहा, शेडमधल्या बाया वाचून घेतील. मी म्हणालो, चार शब्दांत मावणारी बाई नव्हती ती. आणि कुठं जन्मली, किती शिकली, हे लिहून काय करू? तुझ्याशीच बोलतो. त्या ऐकतील तर ऐकोत.

आपली पहिली गाठ म्हणजे भांडणच. तू तेलंगणातून आईबापाबरोबर नगरला आलेली, साड्यांच्या मागावर वाढलेली. माग बंद पडले तशी भिंगारात शिवणाला आलीस. मी पाथर्डीकडचा, कोरड्या गावचा, हातात एकच कसब, इस्त्री. शेडमध्ये एकीनं खिसा लावायचा, पुढचीनं बाही, तिच्या पुढचीनं कॉलर, असा शर्ट हातोहात सरकत शेवटी माझ्या टेबलावर यायचा. तू कॉलरला होतीस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तू जागेवरून उठलीस, सगळी रांग खोळंबली, आणि हातात शर्ट नाचवत माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस.

"ओ इस्त्री! डोळ्याच्या जागी बटनं लावलीत का?"

"काय झालं?"

"मी कॉलरचं टोक सुई घालून बाहेर काढते, आन तुमी त्याच्यावर रनगाडा फिरवता!"

सगळ्या हसल्या. मी घाबरलो. खरंच घाबरलो. एवढ्या तावातावानं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून तुझी कॉलर आली की मी इस्त्री टोकाच्या अलीकडं थांबवायचो. बाकीच्यांच्या कॉलरी तशाच दाबायचो. हे जुलेखाबीच्या लक्षात आलं. ती बाहीला बसायची, तेव्हा तरणीताठी होती. म्हणाली, "गेनू, हमारे शर्ट क्या रस्त्यावर पडलेत?" झालं, शेडभर बोभाटा.

तुझ्या बापानं मला समोर बसवून विचारलं, माग चालवता येतो का. मी म्हणालो न्हाई. सूत भरता येतं का. न्हाई. मग त्यांनी तुझ्याकडं असं बघितलं, जसं गाडी चुकलेल्या माणसाकडं बघतात. तू तेलुगूत एकच वाक्य बोललीस आणि तो म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्याला पाणी आलं आणि त्यानं मला पान दिलं. काय बोललीस ते मला कधी सांगितलं नाहीस. मी लग्नात विचारलं, सरिता झाली तेव्हा विचारलं, ती पुण्याला नांदायला गेली त्या दिवशी विचारलं. दरवेळी म्हणालीस, "सांगन कवातरी." आता कोणाला विचारू?

धुराचा दिवस तुला आठवतो तसा मला आठवत नाही, असं तू म्हणायचीस. चूक. मला जास्त आठवतो.

शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई होती, गणवेशांचे ढीग छताला लागले होते. शेडचे मालक, मोठे शेट, अशा दिवसांत शटर खाली घ्यायला लावायचे. बाया लवकर उठून जाऊ नयेत, कापड बाहेर जाऊ नये, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आत किती जणी कोंबल्यात ते दिसू नये म्हणून. शेडला दुसरं दार नाही. खिडक्या वर, जाळीच्या, त्यातून मांजर जाईल न जाईल. मधल्या रांगेतल्या एका मशिनीच्या वायरनं ठिणगी टाकली आणि खालच्या चिंध्यांच्या ढिगानं पेट घेतला. जाळ थोडाच होता. धूर मात्र एवढा की मला माझी इस्त्री दिसेना. सगळ्या शटरकडं धावल्या आणि पत्र्यावर थापा मारायला लागल्या. चावी मानेकडं आणि माने कोपऱ्यावर चहाला. तू पिंपातल्या पाण्यात पदर भिजवून भिजवून चिंध्यांवर मारत होतीस. मी काय करत होतो? मी तुझं नाव घेऊन ओरडत होतो. बाकी काही सुचलं नाही मला.

माने आला, शटर उघडलं, सगळ्या बाहेर रस्त्यावर पडल्या. एकीची शुद्ध हरपली होती, तीही आली परत. कोणी मेलं नाही. शेट म्हणाले, "देवाची कृपा." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शटर खाली.

त्या संध्याकाळी आपलं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, "उद्यापासून जायचं न्हाई. दोघांनीबी. मी बेलापूरला जाऊन हमाली करीन."

"आन बाकीच्या?"

"बाकीच्यांचं त्या बघतील."

"त्या माज्याकडं बगत्यात, म्हनूनच तर मला जायचंय."

"मरशील."

"तुमी हमाली करून न्हाई का मरनार?"

मी ताट सरकवलं. तू म्हणालीस, "पिरिकोडा." म्हणजे भित्रा. हा एक तेलुगू शब्द तू मला नीट शिकवलास, रोज उजळणी घेतलीस. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो की त्या धुराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आत पाय टाकणं शहाणपणाचं नव्हतं. हे मी मागं घेत नाही. तू मेलीस म्हणून तू बरोबर होतीस असं होत नाही.

पण धुरानंतरच्या शुक्रवारी तू जे केलंस ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. शिवणाऱ्यांना माहीत आहे, दसऱ्याला मशिनीची पूजा मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, की फूल उतरेपर्यंत मशिनीला पाय लावायचा नाही. कितीही मोठी ऑर्डर असो. तो तिच्या विश्रांतीचा दिवस. तू भर ज्येष्ठात पिशवीतून झेंडू काढलेस. कुठून आणलेस देव जाणे, महाग असणार. आपल्या मशिनीला हळद लावलीस, कुंकू लावलंस, फूल ठेवलंस आणि मांडी घालून खाली बसलीस. कॉलर थांबली. कॉलर थांबली तशी पुढचं सगळं थांबलं. मग एकेक करून सगळ्यांनी हळदीला बोटं पुढं केली. जुलेखाबी म्हणाली, "मेरे को भी लाव गं फूल, न्हाईतर माझी एकटीची चालत बसंल." आणि तिनं जवळचा ऊद पेटवून सगळ्या मशिनींवरून फिरवला.

मोठे शेट तणतणत आले. शटर उघडून आत पाय टाकला आणि समोर पूजा दिसली. त्यांचा हात आपोआप चपलेकडं गेला. अनवाणी माणसाला मोठ्यानं ओरडता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

"राजव्वा, आज काय हे?"

"दसरा हाय शेट."

"ज्येष्ठात?"

"शटर उघडं ठेवत न्हाई तवर दसराच हाय. आमाला काय घाई न्हाई."

तुमचा तो दसरा आठवडा संपायच्या आत संपला. शेटनं शटरच्या पट्टीत लोखंडी खुंटी ठोकून घेतली. कमरेच्या खाली शटर यायचंच नाही अशी. वाकून कोणीही बाहेर पडेल एवढी फट. एवढंच मिळालं. पगार वाढला नाही, पंखा आला नाही. पण त्या फटीतून वारा यायचा, बोळातल्या कुत्र्याचे पाय दिसायचे. मी इस्त्री करता करता त्या पायांकडं बघायचो आणि श्वास घ्यायचो. तू घरी येऊन मला हसलीस, "शेट आले तवा तुमी गठ्ठ्यामागं काय शोदत व्हता?" मी म्हणालो, "चप्पल." हसून हसून तुला ठसका लागला. तो ठसका मग राहिलाच. कापडाची बारीक तुसं छातीत बसली ती बसली. शेवटी शेवटी दोन घास भाकरी खायला तुला भिंतीला टेकावं लागायचं. तरी बटणं लावायला जायचीस. मी म्हणायचो बस आता. म्हणायचीस, "मी दिसले की खुंटी जाग्यावर ऱ्हाती."

ते खरं निघालं याचाच मला राग आहे. मोठे शेट आता अंथरुणाला खिळलेत. कारभार छोटे शेट बघतात, त्यांनी तो धूर बघितलेला नाही. तू गेलीस आणि मानेनं खुंटी कापली.

मागच्या आठवड्यात मुन्नी आली. तुझ्या जागेवर कॉलरला बसते ती, बिहारची. तूच तिला टोक काढायला शिकवलंस. पोटुशी आहे, सातवा लागला असेल. दारातच उभी राहिली.

"बाबा, तुमी बोला ना छोटे शेटला. काकी असती तो..."

"काकी न्हाई."

"हमने फूल रखा था बाबा. सगळ्यांनी. माने सरनं फडक्यानं पुसून टाकलं. बोलले, दसरा आया तो बताना. जिसको बैठना है, घर जाके बैठो."

मी मनात काय म्हणत होतो सांगतो, तुझ्यापाशी काय लपवायचं. मी म्हणत होतो, ही खोली शेटची आहे. मला बाहेर काढलं तर मी कुठं जाऊ? सरिता म्हणते पुण्याला या, पण तिच्याकडं झोपायला जागा आहे ती दोन खाटांच्या मध्ये. आणि इथून गेलो तर तू कुठं बसायचीस, कुठं खोकायचीस, ते मला कुठं दिसणार? मी म्हणालो, "बाई, माझी छाती न्हाई तेवढी. तुझी काकी शूर व्हती. मी न्हाई."

मुन्नी म्हणाली, "काकी? काकी तो बहुत डरती थी."

"कोन?"

"काकी. शटर वाजलं की, कमरेपर्यंत आलं तरी, मेरा हाथ पकडती थी टेबल के नीचे. हात एकदम थंडा. बोलती थी, बाबांना नको सांगू. त्यांना कळलं की मी पन घाबरते, तर झोपनार न्हाईत."

ती गेली. मी दार लावलं आणि तुझ्या फोटोला शिव्या घातल्या. मराठीत घातल्या, मला तेलुगूत तेवढ्या येत नाहीत. एवढी वर्षं एका खोलीत, एका ताटात, आणि मला पिरिकोडा म्हणत होतीस! तुझे हात थंड पडत होते आणि तू ते दुसरीच्या पोरीला दाखवत होतीस. मी नवरा होतो ना तुझा? मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? दोघं मिळून घाबरलो असतो. मला बरं वाटलं असतं, राजव्वा. मला आयुष्यभर वाटत होतं की घरात घाबरणारा मी एकटाच आहे.

मग शिव्या संपल्या. बसून राहिलो. तू माझी झोप राखत होतीस, हे मला उशिरा कळलं. त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही.

आज सकाळी गेलो. भाषण करायला नाही. मानेला म्हणायचं होतं, खुंटी बसव बाबा, निदान ती पोर बाळंत होईपर्यंत तरी. वाक्य पाठ केलं होतं. बाया आत जात होत्या. माने आकडी घेऊन उभा होता, शेवटची आत गेली की शटर ओढायला. मी उंबऱ्यात पाय ठेवला, वर बघितलं, तर शटरची गुंडाळी डोक्यावर. आणि पाय गेले माझे. खोटं नाही सांगत. गुडघ्यातून कोणी दोरा ओढून काढावा तसे गेले. मी तिथंच बसलो, उंबऱ्यावर, बरोबर शटरच्या खाली.

"ओ गेनूमामा, उठा. शटर घ्यायचंय."

"उठता येईना."

"नाटकं नका करू सकाळी सकाळी."

"नाटक न्हाई रं. पाय धरून बघ."

त्यानं खरंच वाकून हात लावला आणि काढून घेतला. पाय लटलट हलत होते. त्यानं आकडीनं शटर ओढलं, माझ्या डोक्याच्या वितभर वर आणून थांबवलं. पत्र्याचा तो थंडपणा मला टाळूला लागत होता. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता हा सोडतोय. आतल्या मशिनी बंद झाल्या होत्या.

छोटे शेट आले. गाडीतून उतरलेच नाहीत, काच खाली केली.

"गेनूकाका, काय चाललंय?"

"भीती वाटती शेट."

"कशाची?"

"शटरची."

ते हसले. चांगलं हसू होतं, वाईट माणूस नाही तो. "अहो मग इथं कशाला बसता, घरी जा ना!"

"त्या आत हायत."

"त्यांना नाही वाटत भीती."

आतून मुन्नीचा आवाज आला, "लगती है, शेट." मग दुसरीचा, "वाटती." मग तिसरीचा. मग कितीजणी बोलल्या ते मला कळलं नाही, कारण मी रडत होतो. म्हाताऱ्या माणसानं बोळात बसून रडणं काही बरं दिसत नाही, पण रडलो.

शेटचं हसू गेलं. म्हणाले, "काका, खोली आमची आहे हे लक्षात आहे ना?" मी म्हणालो, "लक्षात हाय. त्याचीबी भीती वाटती." काच वर गेली.

मग कोणीतरी मला ढोसलं. जुलेखाबी. काठी टेकत आली होती, आता तिला डोळ्यानंही कमी दिसतं. "सरक रे गेनू," म्हणाली, "सगळा उंबरा तुझ्या बापाचा हाय का?" आणि मोठ्यानं कण्हत माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला उदाचा वास होता. मानेनं आकडी भिंतीला टेकवली आणि चहाला निघून गेला. संध्याकाळपर्यंत शटर तिथंच राहिलं, आमच्या डोक्यावर.

दुपारी मुन्नीनं भाकरी आणून दिली. पाळी सुटली तेव्हा बाया आम्हाला ओलांडून बाहेर आल्या, एकेक जण वाकून. कोणी माझ्या खांद्याला हात लावला, कोणी डोक्याला. तू असतीस तर म्हणाली असतीस, मारुती केलाय तुमचा, तेल तेवढं राहिलं.

आता दिवे लागलेत. सरिताचा फोन येऊन गेला, रडत होती, बाबा निघून या म्हणत होती. मी म्हणालो, येईन, आत्ता नाही. माने मघाशी बोळातून ओरडून गेला, उद्या दोन माणसं आणून तुम्हाला उचलून ठेवतो. ठेवतील. माझं वजन ते काय. खोलीला कुलूपही घालतील. मला लई भीती वाटते, राजव्वा. तू ते टेबलाखाली लपवलंस. मला लपवता येत नाही, कधीच आलं नाही. म्हणून उद्या मी त्या उंबऱ्यात बसून सगळ्यांच्या देखत घाबरणार आहे.

जुलेखाबी जाता जाता बजावून गेली, येताना दोन विटा आण, खाली बसून तिची कंबर धरते. मोरीजवळच्या दोन काढल्यात. पुसून दाराशी ठेवल्यात.